उतारा, खरेदीखत आणि सामाईक मालकी: नाशिकमध्ये घर घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये घर, रो-हाऊस, प्लॉट घेताना किंवा वडिलांच्या मागे घराची वाटणी करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, ते इथे आहेत. बहुतेक भांडणांचे मूळ एकच असते. हातात कागद भरपूर असतात, पण कोणता कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे कुणी बघितलेले नसते.

बिल्डर म्हणतो, “टायटल एकदम क्लिअर आहे.” म्हणजे नेमकं काय?

विकणाऱ्याला ती जागा विकण्याचा पूर्ण हक्क आहे, त्याच्याकडे ती कायदेशीर मार्गाने आली आहे आणि तिच्यावर दुसऱ्या कुणाचा दावा, बोजा, गहाण किंवा भाडेकरूचा हक्क नाही, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे सरकार मालकीची हमी देत नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवून घेतो, विकणारा खरा मालक आहे का हे तपासत नाही. म्हणून दस्त नोंदला गेला एवढ्यावरून टायटल शुद्ध झाले असे होत नाही. ते काम तुमच्या वकिलाचे. “तुमच्या” या शब्दावर जोर द्या. बिल्डरने हातात ठेवलेला सर्च रिपोर्ट वाचून घ्यावा, पण त्याच्या भरवशावर पैसे देऊ नयेत.

घरपट्टी आमच्या नावावर आहे, लाइट बिल आमच्या नावावर आहे. मग घर आमचंच ना?

नाही. घरपट्टी महापालिकेला कर कुणाकडून घ्यायचा ते सांगते, लाइट बिल महावितरणला बिल कुणाला पाठवायचे ते. दोन्हींतून ताबा दिसतो, मालकी नाही. कोर्टात हे कागद पूरक म्हणून उपयोगी पडतात, एवढेच.

आणि सातबारा?

सातबारा यापेक्षा वजनदार आहे, पण तोही मालकीचा दस्त नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद खरी धरली जाते, ती चुकीची आहे असे सिद्ध होईपर्यंत. मालकी येते खरेदीखताने, बक्षीसपत्राने, वाटणीपत्राने, मृत्युपत्राने, वारसाने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने. सातबारावर त्याचा पडसाद उमटतो. फेरफार, म्हणजे उताऱ्यावर नाव बदलल्याची नोंद, मंजूर झाला म्हणून हक्क मिळत नाही आणि फेरफार राहून गेला म्हणून हक्क जात नाही. मात्र राहिलेला फेरफार पुढे विकताना डोकेदुखी होतो, तेव्हा “करू सावकाश” म्हणू नका.

आमच्या प्लॉटला सातबारा लागतो की प्रॉपर्टी कार्ड?

जागा नगर भूमापनात आली आहे का, यावर ते ठरते. जुने नाशिक, पंचवटी अशा गावठाण भागात सिटी सर्व्हे नंबर आणि मालमत्ता पत्रक, म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड, असते. शहर वाढत गेले तशी मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी, गंगापूर ही गावे महापालिकेत आली. तिथल्या शेतांवर बिनशेती ले-आऊट पडले आणि अनेक प्लॉटचा उतारा आजही सर्व्हे किंवा गट नंबर आणि प्लॉट नंबर असा सातबाराच निघतो. काही ठिकाणी दोन्ही उतारे निघतात. अशा वेळी दोन्ही काढून नावे आणि क्षेत्र जुळतात का ते ताडून बघा. जुळत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा आणि दुरुस्ती विकणाऱ्याकडून करून घ्या. खरेदीनंतर ते काम तुमच्या गळ्यात पडते.

तीस वर्षांचा सर्च घेतात, त्यात बघतात काय?

सर्चचे दोन भाग असतात. पहिला दुय्यम निबंधक कार्यालयातला, म्हणजे या जागेचे कोणकोणते दस्त नोंदले गेले. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर साधारण २००२ नंतरचे सूची क्रमांक दोन, म्हणजे दस्ताचा गोषवारा देणारा आपला इंडेक्स टू, घरबसल्या बघता येतात. त्याआधीचे कार्यालयात जाऊन शोधावे लागतात. दुसरा भाग महसुली कागदांचा: सातबारा, जुने हस्तलिखित उतारे आणि त्यावर ज्यांचे नंबर आहेत ते सगळे फेरफार.

खरी गंमत फेरफारांत असते. उताऱ्यावर नावांजवळ छोट्या वर्तुळात आकडे दिसतात, ते फेरफार क्रमांक. एकेक काढून वाचला की जमिनीची सगळी कथा उलगडते. असा फेरफार समोर येतो: “खातेदार मयत, वारस मुलगे तीन, नाव लावले.” वाचणाऱ्याने इथे थांबायचे. मुली होत्या का? विधवा होती का? त्यांची नावे गाळली असतील तर त्यांचा हक्क अजून जिवंत असू शकतो, आणि चाळीस वर्षांनी त्यांची मुले नोटीस घेऊन तुमच्या पार्किंगमध्ये उभी राहू शकतात.

मग डावीकडे भूधारणा पद्धती बघा. भोगवटादार वर्ग १ असेल तर बरे. वर्ग २ म्हणजे शासनाच्या किंवा सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही अशी जमीन. त्यात कुळकायद्याने मिळालेल्या, इनामाच्या, देवस्थानच्या जमिनी येतात, आणि नाशिक-त्र्यंबक पट्ट्यात देवस्थान इनाम थोडे नाही.

शेवटी “इतर अधिकार” हा रकाना. विविध कार्यकारी सोसायटीचे कर्ज, बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, जाण्या-येण्याचा हक्क, दाव्याची नोंद, भूसंपादनाचा शेरा, सगळे इथे असते. लोक नाव बघतात आणि हा रकाना सोडून देतात. आम्ही आधी हाच वाचतो.

टायटल चांगलं असलं की झालं ना?

टायटल वेगळे आणि त्या जागेवर काय करता येते ते वेगळे. मालकी निर्मळ असलेल्या प्लॉटवरही विकास आराखड्यात रस्त्याचे किंवा उद्यानाचे आरक्षण असू शकते. तपोवन परिसरात साधुग्रामच्या, म्हणजे कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामाच्या जागेच्या, आरक्षणाचा विषय प्रत्येक सिंहस्थाला वर येतो. गोदाकाठी निळी आणि लाल पूररेषा बघायलाच हवी. २००८ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना हे सांगावे लागत नाही. महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या.

साठेखत झालंय, पैसेही पूर्ण दिलेत. खरेदीखत केलंच पाहिजे का?

केलेच पाहिजे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ मध्ये स्पष्ट आहे की विक्रीच्या कराराने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचे वचन. नोंदवलेले असेल तर खरेदीखत करून द्या म्हणून कोर्टात मागता येते. नोटरी केलेले असेल तर तेवढाही आधार लंगडा.

नाशिकच्या कडेला गुंठेवारीत, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेल्या प्लॉटमध्ये, एक प्रकार सर्रास चालतो: नोटरीचे साठेखत, सोबत कुलमुखत्यारपत्र, ताबा पावती, “झाली तुमची जागा.” सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सांगून टाकले आहे की मुखत्यारपत्राने मालकी जात नाही. मुखत्यारपत्र देणारा वारला की सहसा तेही संपते आणि तुम्ही त्याच्या वारसांच्या दारात उभे राहता.

आमच्या बिल्डिंगच्या नावात “अपार्टमेंट” आहे. सोसायटीपेक्षा वेगळं असतं का?

पाटीवरच्या नावावरून काही ठरत नाही, पण फरक मोठा आहे. नाशिकमध्ये असंख्य इमारती महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अॅक्ट, १९७० खाली आहेत. तिथे बिल्डर आधी डीड ऑफ डिक्लेरेशन नोंदवतो आणि मग प्रत्येकाला स्वतंत्र डीड ऑफ अपार्टमेंट करून देतो. फ्लॅटसोबत जमिनीतला ठरावीक टक्के अविभक्त हिस्सा तुमच्या नावाने होतो. सोसायटीत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर होते आणि तुमच्याकडे करारनामा, भागपत्र आणि सभासदत्व असते.

दोन्हीकडे अडकण्याच्या जागा वेगळ्या. अपार्टमेंटमध्ये लोक करारनाम्यावर ताबा घेतात, राहायला जातात आणि डीड ऑफ अपार्टमेंट राहूनच जाते. सोसायटीत जमिनीचे अभिहस्तांतरण बिल्डर करून देत नाही. त्यावर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स, घेता येते. जुना फ्लॅट घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: डीड झाली का, किंवा कन्व्हेयन्स झाले का?

सिडकोतलं घर घेतोय. काही वेगळं?

नवीन नाशिकमधल्या सिडकोच्या योजनांतली घरे आणि प्लॉट मुळात दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. हस्तांतरणासाठी सिडकोची परवानगी आणि शुल्क हा भाग येतो. मूळ वाटपपत्रापासून आजच्या मालकापर्यंत प्रत्येक हस्तांतरणाची सिडकोकडे नोंद झाली आहे का, ते तपासा. मधला एखादा हात फक्त मुखत्यारपत्रावर फिरलेला असतो, ही इथली नेहमीची गोष्ट. वाढीव बांधकाम मंजूर आहे का, तेही बघा.

देवळालीला बंगला बघितलाय.

देवळाली गाव की देवळाली कॅम्प? गाव महापालिकेत आहे. कॅम्प छावणी परिषदेच्या हद्दीत, आणि तिथल्या जमिनींची नोंद जनरल लँड रजिस्टरमध्ये असते. तिथे अनेक जागांची जमीन संरक्षण खात्याची आणि बांधकाम तेवढे खाजगी असते. छावणीच्या कागदांची सवय असलेला वकील लावा, नेहमीच्या सातबारावाल्याचे ते काम नाही.

इगतपुरी किंवा त्र्यंबकला फार्म हाऊससाठी शेतजमीन घेऊ का?

तुम्ही शेतकरी आहात का? नसाल तर कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ मुळे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आणि जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीला विकताच येत नाही. पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांत हा मुद्दा सतत येतो. कुणी “भाडेपट्टा करून टाकू”, “आमच्या माणसाच्या नावावर घेऊ” म्हणाले तर चहा पिऊन परत या.

नवरा-बायको दोघांच्या नावावर फ्लॅट घेतला. हिस्सा अर्धा-अर्धा ना?

खरेदीखतात तसे लिहिले असेल तर अर्धा-अर्धा. काहीच लिहिले नसेल तर १८८२ च्या कायद्याचे कलम ४५ लागते: ज्याने जेवढे पैसे घातले त्या प्रमाणात हिस्सा, आणि कुणी किती घातले याचा पुरावा नसेल तर सारखा. म्हणजे साठ लाखांच्या फ्लॅटमध्ये चव्वेचाळीस लाख एकाच्या खात्यातून गेले असतील, तर दस्तात दोन नावे असूनही “अर्धे माझे” म्हणणाऱ्याला उद्या आव्हान मिळू शकते.

याला उपाय एका वाक्याचा आहे. दस्तात लिहा: “लिहून घेणार क्रमांक १ यांचा अविभक्त हिस्सा ५० टक्के व लिहून घेणार क्रमांक २ यांचा अविभक्त हिस्सा ५० टक्के.” आकडा तुम्ही ठरवा, पण लिहा. दस्त लिहिणारे बरेचदा जुना नमुना उघडून नावे बदलतात आणि हे वाक्य त्यात नसते. मसुदा हातात आल्यावर चतुःसीमा वाचता तसे हेही शोधा.

पहिलं नाव कोणाचं लावावं?

मालकीच्या दृष्टीने काही फरक पडत नाही. सोसायटीत मात्र भागपत्रावर ज्याचे नाव पहिले, त्याला मतदानाचा आणि सभेत बसण्याचा मान. भांडण तिथेच होते, त्यामुळे घरात आधी ठरवून घ्या.

दोघांपैकी एक गेला की दुसरा आपोआप पूर्ण मालक होतो, बरोबर?

हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. बँकेच्या खात्यावर “दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो” असते, ते डोक्यात ठेवून लोक घराचाही तसाच हिशेब करतात. आपल्याकडे सामाईक खरेदीत साधारणपणे प्रत्येकाचा हिस्सा वेगळा धरतात आणि तो त्याच्या वारसांकडे जातो. हयात राहणाऱ्याला सगळे मिळावे असे हवे असेल तर दस्तात तसे स्पष्ट लिहावे लागते, किंवा दोघांनीही मृत्युपत्र करावे.

उदाहरण घ्या. इंदिरानगरमधला फ्लॅट, नवरा-बायको अर्धे-अर्धे, दोन मुले, नवऱ्याची आई हयात. नवरा मृत्युपत्र न करता वारला. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे त्याच्या अर्ध्या हिश्श्याचे चार समान भाग होतात: पत्नी, दोन मुले आणि आई. प्रत्येकाला पूर्ण फ्लॅटचा आठवा हिस्सा. पत्नीकडे तिचे अर्धे अधिक एक अष्टमांश, म्हणजे पाच अष्टमांश. सासूबाई एक अष्टमांशाच्या मालक. फ्लॅट विकायचा तर त्यांची सही हवी. पुढे त्या मृत्युपत्राविना वारल्या तर त्यांचा हिस्सा त्यांच्या इतर मुला-मुलींकडेही जातो. म्हणजे दीर आणि नणंदा तुमच्या फ्लॅटमध्ये भागीदार. वडील मात्र पहिल्या वर्गाच्या वारसांत नाहीत, आई आहे. हे ऐकून बहुतेक जण दोनदा विचारतात.

पत्नी आधी वारली तर तिचा हिस्सा नवरा आणि मुलांना सारखा. मूलबाळ नसेल आणि नवराही हयात नसेल, तर कलम १५ प्रमाणे तिने स्वतः कमावलेले घर आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आई-वडिलांचा नंबर त्यानंतर. आई-वडिलांकडून वारसाने आलेली मालमत्ता तेवढी वडिलांच्या वारसांकडे वळते. नोकरी करून एकटीच्या पैशाने घर घेतलेल्या बाईने मृत्युपत्र केले नाही तर हे असे होते, आणि कायदा न्याय्य आहे का हा वाद वेगळा. मृत्युपत्र करा.

हे सगळे हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यासाठी. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी कुटुंबांत हिस्से वेगळे ठरतात. मुस्लिम व्यक्तीला साधारणपणे एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही.

मृत्युपत्र नोंदवावं लागतं का? प्रोबेट लागतं का?

नोंदणी ऐच्छिक आहे, पण करून टाकलेली बरी. सही आणि दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि ज्याला मालमत्ता मिळणार तो साक्षीदार नको. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला. मुंबईत होती तशी त्याची सक्ती नाशिकच्या मालमत्तेच्या मृत्युपत्राला कधी नव्हतीच. सामाईक घराबाबत एक लक्षात ठेवा, प्रत्येकजण फक्त आपल्या हिश्श्यापुरते लिहू शकतो. “आमचा फ्लॅट मोठ्याला” असे एकट्याने लिहिले तर अर्धेच चालते.

सोसायटीत नॉमिनी माझं नाव आहे. भाऊ हिस्सा मागतोय.

मागू शकतो. नॉमिनेशन सोसायटीच्या सोयीसाठी असते, सभासद गेल्यावर व्यवहार कुणाशी करायचा एवढ्यासाठी. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सोसायटीने नॉमिनीच्या नावे हस्तांतरण करावे असे सांगितले, पण मालकीचा प्रश्न वारसांसाठी खुला ठेवला. नंतर २०१९ च्या दुरुस्तीने सहकार कायद्यात नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणून घेण्याची तरतूद आली. वारस निश्चित होईपर्यंत तुम्ही विश्वस्तासारखे आहात, असेच समजा.

वारसांसाठी सक्सेशन सर्टिफिकेट आणा म्हणतात.

ते बँकेतले पैसे, शेअर, येणी यांसाठी असते. घर-जमिनीसाठी दिवाणी न्यायालयातून वारस दाखला घेतात, १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली. हो, १८२७, अजून चालतो. वारसांत वाद नसेल तर अनेक कार्यालयांत मृत्यूचा दाखला आणि प्रतिज्ञापत्रावर काम होते.

बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक कमी लागतो?

हो. राहत्या घराच्या खरेदीत खरेदीदार फक्त महिला असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत, १ एप्रिल २०२१ पासून. आई आणि मुलगी मिळून घेतले तरी चालते, पण नवऱ्याचे नाव जोडले की सवलत गेली. नोंदणी फी वेगळी, एक टक्का आणि जास्तीत जास्त ३०,००० रुपये.

पण एक टक्का वाचवायला मालकी कुणाची हे ठरवू नका. बायकोच्या नावावर घेतलेले घर बायकोचे. कर्जाचा हप्ता नवरा भरतो म्हणून ते त्याचे होत नाही.

कर्ज दोघांच्या नावावर, घर मात्र एकाच्या. चालतं का?

बँकेला चालते. हप्त्याची जबाबदारी दोघांची, मालकी एकाची. तरुण मुलाला कर्ज कमी पडते म्हणून वडील सहकर्जदार होतात, तेव्हा हीच गोष्ट घडते. घर सामाईक असेल तर बँक सहसा सगळ्या मालकांना कर्जात घेतेच. जुन्या करपद्धतीत व्याजाची वजावट हवी असेल तर मालक आणि कर्जदार दोन्ही असायला हवे. हप्ते आपापल्या खात्यातून जाऊ द्या, म्हणजे हिश्श्याचाही पुरावा राहतो.

वडील म्हणतात, जिवंतपणीच घर तुझ्या नावावर करून देतो. करावं का?

खर्चाच्या बाजूने सोपे आहे. राहते घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा विधवा सून यांना बक्षीस दिले तर मुद्रांक २०० रुपये. महापालिका हद्दीत एक टक्का अधिभार तेवढा भरावा लागतो. भाऊ-बहीण या यादीत नाहीत.

प्रश्न खर्चाचा नसून वडिलांच्या म्हातारपणाचा आहे. बक्षीसपत्र झाले की घर गेले. मृत्युपत्र कधीही बदलता येते, बक्षीसपत्र सहसा परत घेता येत नाही. द्यायचेच असेल तर “आई-वडिलांचा सांभाळ करण्याच्या अटीवर” आणि “दोघांना हयातभर राहण्याचा हक्क” ही वाक्ये दस्तात घाला. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ खाली सांभाळ न केल्यास असे हस्तांतरण रद्द करून घेता येते, पण अट लिहिलेली असली तर काम सोपे जाते. हे बोलताना मुलांना वाईट वाटते. वाटू द्या.

बहिणीची सही लागते का? तिचं लग्न होऊन वीस वर्षं झाली.

लागते. वडील मृत्युपत्राविना गेले तर त्यांच्या स्वकष्टार्जित घरात मुलगी १९५६ पासूनच मुलाइतकी वारस आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत २००५ च्या दुरुस्तीने तिला जन्मतः हक्क मिळाला आणि २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत. लग्नात दिलेले सोने, केलेला खर्च यांनी हक्क फिटत नाही.

बहिणीला हिस्सा नको असेल तर नोंदवलेले हक्कसोड पत्र करा. वडिलोपार्जित मालमत्तेत, मोबदला न घेता, भावाच्या नावे असेल तर मुद्रांक नाममात्र असतो. दोन सूचना. “नको मला” हे राखीपौर्णिमेला म्हटलेले किंवा साध्या स्टॅम्पवर लिहिलेले हक्कसोड चालत नाही. आणि हक्क कुणाच्या लाभात सोडला ते नाव घालून लिहा, नाहीतर तीन भावांत नवे भांडण. दोन भावांनी मिळून विकत घेतलेल्या फ्लॅटमधून एक बाहेर पडतो, तिथे ही सवलत नाही.

जुन्या नाशकात वाडा आहे. कार्डावर आजोबा-पणजोबांची नावं, हिस्सेदार किती ते कुणालाच ठाऊक नाही.

आधी वंशावळ लिहा, मुली आणि त्यांच्या मुलांसकट. मग वारस नोंदी पायरीपायरीने लावून घ्या, पणजोबांपासून थेट नातवावर उडी मारून चालत नाही. त्यानंतर वाटप. सगळे तयार असतील तर नोंदवलेले वाटणीपत्र. एकजण जरी अडला तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा. वाडा तोडून वाटता येत नसेल तर १८९३ च्या वाटप कायद्याखाली कोर्ट विक्री करून पैसे वाटू शकते आणि हिस्सेदारांना आधी विकत घेण्याची संधी मिळते.

भाडेकरू असतील तर त्यांचे हक्क भाडे नियंत्रण कायद्याखाली वेगळे. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, आणि तोवर हिस्सेदार एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेले असतात.

वाड्यात एकच भाऊ राहतो म्हणून तो मालक होत नाही. सहमालकाचा ताबा इतरांच्याही वतीने धरला जातो. इतरांचा हक्क उघडपणे नाकारून बारा वर्षे बसला असेल तरच प्रश्न उभा राहतो.

भाऊ त्याचा हिस्सा परक्याला विकू शकतो का?

आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो. पण एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात परका खरेदीदार येऊन बसू शकत नाही, त्याला वाटप मागावे लागते (१८८२ च्या कायद्याचे कलम ४४). त्याने वाटपाचा दावा केला तर बाकीचे त्याचा हिस्सा कोर्टाने ठरवलेल्या किमतीला घेऊ शकतात. वाद असलेला हिस्सा स्वस्तात घेण्याचा मोह पाहुणेरावळ्यांतल्या कुणाला झाला, तर त्याला हे वाचायला द्या.

अज्ञान मुलाचं नाव घालू का?

शक्यतो नको. पुढे विकायचे तर जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते, मूल अठराचे होईपर्यंत.

घटस्फोट झाला तर घर अर्धं मिळतं?

आपल्याकडे असा सरसकट नियम नाही. दस्तातला हिस्सा ज्याचा त्याचा. नाव नसले तरी कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ प्रमाणे पत्नीला सामाईक घरात राहण्याचा हक्क मिळू शकतो. पण तो राहण्याचा, मालकीचा नाही.

दोघं मिळून घेतोय, प्रत्येकाचा वाटा पन्नास लाखांच्या आत. टीडीएस नाही ना?

आहे. एकूण किंमत पन्नास लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराला विकणाऱ्याच्या पैशांतून एक टक्का कर कापावाच लागतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या खरेदीदारांची रक्कम एकत्र धरतात, त्यामुळे ती पळवाट बंद झाली.

नवीन प्रोजेक्टमध्ये बुकिंगला किती द्यावेत?

रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प क्रमांक टाकून टायटल रिपोर्ट, बोजा आणि दावे बघा. जुन्या घराचा इसार देण्याआधी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या आणि त्यातली हरकतीची मुदत संपू द्या. नोटिशीचा खर्च किरकोळ असतो, आणि कधी कधी हरकत घेऊन सख्खी बहीणच येते.

खरेदीखत झालं. आता काय?

इंडेक्स टू काढा. उताऱ्यावर नाव लागण्यासाठी फेरफार झाला का बघा. सातबारा असेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, प्रॉपर्टी कार्ड असेल तर नगर भूमापन कार्यालयात. फेरफार “आपली चावडी” या सरकारी संकेतस्थळावर दिसतो, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. नव्या उताऱ्यावर नावाचे स्पेलिंग, क्षेत्र आणि दोन मालक असतील तर दोन्ही नावे आली का ते तपासा. संगणकात दुसरे नाव गळण्याचा प्रकार नवा नाही. त्यानंतर घरपट्टी, पाणीपट्टी, महावितरण आणि सोसायटी किंवा अपार्टमेंटच्या नोंदी. कर्ज असेल तर मूळ खरेदीखत बँकेत जाते, म्हणून त्याआधी नोंदणीची पावती, इंडेक्स टू आणि सगळ्या पानांचे स्कॅन घरातल्या दोघांच्या ईमेलवर ठेवा. कर्ज फिटले की मूळ कागद आणि बोजा कमी केल्याचे पत्र घेऊन इतर अधिकारातला बोजा कमी करून घ्या. बँक ते आपणहून करेल अशी वाट बघू नका.